हुंबवाडीचं दूध

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आज कसबा बावड्यात राहायला आलो. खोल्या दोनच आहेत, पण उजेड भरपूर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून साखर कारखान्याचं धुराडं दिसतं. हंगाम सुरू असल्यामुळे मळीचा वास घरभर असतो. शांभवीने आधी नाक मुरडलं, मग म्हणाली, आई, चहात साखर कमी घातली तरी चालेल इथं. तिचे बाबा, चनबसाप्पा, गेल्यापासून ती पहिल्यांदाच काही गमतीचं बोलली. मी हसले. निदान हसल्यासारखं केलं. यातलं कोणतं खरं, ते ठरवता येत नाही.

दूध संघाच्या मुख्य कचेरीत रुजू झाले. व्यवस्थापक गणपतराव दारातच उभे होते. या पावणं, आता तुमीच आमचं सर्व्हर, असं मोठ्याने म्हणून त्यांनी सगळ्या कचेरीला हसवलं. कुरुंदवाडला इतकी वर्षं क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवला, पण सर्व्हर कधी सांभाळला नव्हता. मुलाखतीत ते सांगितलं होतं. तरी घेतलं. सर्व्हरची खोली थंडगार आहे, काचेचं दार, आत एक काळं कपाट आणि त्यातली एकसारखी घरघर. मला ती आवडली. तिथे कुणी विचारत नाही, आता बरं वाटतंय का म्हणून.

५ डिसेंबर, गुरुवार

शिकते आहे. माझ्या आधी हे काम अमरेश करायचा. तो आता बेंगळुरूला आहे आणि रोज फोनवर अर्धा तास देतो. मूळचा निपाणीकडचा, मला अक्का म्हणतो. त्याने पहिला धडा दिला तो असा : सर्व्हर म्हणजे कुणी शहाणं यंत्र नव्हे, तो वाड्यावरचा दरवान. कोण आलं, त्याला कुठपर्यंत सोडायचं, एवढंच तो बघतो. प्रत्येक येणाऱ्याला एक खातं, प्रत्येक खात्याला एक पासवर्ड.

आमच्याकडे येणारे म्हणजे गावोगावच्या दूध केंद्रांचे सचिव. लोक सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालतात, काट्यावर वजन होतं, फॅट लागते, आणि ते आकडे तिथल्या कॉम्प्युटरवरून थेट आमच्या सर्व्हरवर येतात. सगळ्यांचं दूध घेऊन झालं की सचिव ‘मान्य’ हे बटण दाबतो आणि ती वेळ बंद होते. सकाळी कचेरीत पोचते तेव्हा पडद्यावर गावांची नावं एकेक करून हिरवी होत असतात. बघत राहावंसं वाटतं.

गणपतरावांनी एक गोष्ट सांगितली. केंद्रावर पहिलं दूध नेहमी सचिवाच्या घरचं घेतात. त्याने काटा ‘उघडतो’. मग बाकीच्यांची रांग. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळीकडे पाळतात.

९ डिसेंबर, सोमवार

अमरेशने जुनी, वापरात नसलेली खाती शोधायला सांगितली. नवशिक्याने करायचं ते पहिलं काम म्हणे हेच. बरीच सापडली : निवृत्त झालेले कारकून, बंद पडलेली केंद्रं. पण एक केंद्र बंद असूनही त्याचे आकडे येतात. हुंबवाडी, राधानगरीच्या वरच्या अंगाला. मागे एका पावसाळ्यात डोंगर खाली आला आणि वाडी गेली. सकाळी दूध घालायची वेळ होती. माणसं रांगेतच होती. आता तिथे वीज नाही, रस्ता नाही, केंद्राची भिंतसुद्धा नाही. तरी रोज दोन वेळा तिथून लिटर आणि फॅट येते.

गणपतरावांना विचारलं. त्यांनी फाईलमधून मान वर न करता सांगितलं, त्येला हात लावू नका मॅडम. कुटं तरी मशीन अडकलंय म्हणायचं आन् गप बसायचं. अमरेशही तेच म्हणाला, फक्त हळू आवाजात. अक्का, ते एक राहू दे.

आमचा टँकरवाला जोतीराम हुंबवाडीचा. त्याची आई आणि वडील, बाळासो, त्या रांगेत होते. तो रोज गाडी लावून झाली की काचेच्या दारात डोकं घालून विचारतो, काय मॅडम, आमचं म्हातारं काय म्हणतंय? फॅट किती लागली आज? आधी मला वाटलं थट्टा आहे. आज मी आकडा सांगितला. तो म्हणाला, घटली की. वैरण बदलली असंल. आणि शीळ घालत निघून गेला.

१२ डिसेंबर, गुरुवार

मी हुंबवाडीचं खातं काढून टाकलं.

का केलं, ते नीट लिहून ठेवायला हवं. नसलेल्या दुधाची नोंद ही खोटी नोंद आहे. ती रोज माझ्या देखत होते, म्हणजे मीही तिच्यात आहे. दुसरं कारण जोतीराम. माणूस रोज मेलेल्या बापाची फॅट विचारतो आणि आपण सगळे हसतो, हे बरं नव्हे. चनबसाप्पा गेल्यावर मी पंधरवड्यातच त्याच्या दोन म्हशी विकल्या, गावच्या केंद्रातलं त्याचं खातं बंद केलं, कपडे देऊन टाकले. त्यामुळे काही बिघडलं नाही. काही वाटलंही नाही. जे संपलं ते बंद करावं, असं मला वाटतं.

तिसरंही एक कारण असावं. पडद्यावर ‘खरंच काढायचं का?’ असं आलं, तेव्हा कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी ठरवता आलं.

संध्याकाळी हुंबवाडीची ओळ आली नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

जोतीराम आला नाही. टँकर राधानगरीच्या पुढे, हुंबवाडीची पायवाट सुरू होते तिथे मिळाला. इंजिन चालू, दार उघडं. सोबतचा क्लीनर सांगतो, पहाटे त्याने एकदम ब्रेक मारला, मागची रिकामी किटली घेतली आणि चालायला लागला. क्लीनरने हाका मारल्या. त्याने वळून एवढंच सांगितलं, म्हाताऱ्याचं दूध घ्याला कोण न्हाय, मलाच जाया पायजे.

पोलीस वर जाऊन आले. सापडला नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

गणपतरावांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, तुम्ही काय केलंसा? मी खरं ते सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते पेनाच्या टोपणाची उघडझाप करत खुर्चीत बसले.

मग म्हणाले, त्या दिवशीची सकाळची वेळ कुणी बंदच केली नाही. सचिवपण गेला रांगेबरोबर. बटण कोण दाबणार? मागे एकदा वरून आदेश आला म्हणून केंद्र बंद केलं होतं. तेव्हा वाडीतून वाचलेल्यांपैकी दोघं असेच किटली घेऊन वर गेले. नोंदीत त्यांची नावं वारस म्हणून होती. बापाला घालता येईना तर पोरानं घालायचं, दुसरं काय? खातं परत चालू केलं आणि सगळं शांत झालं. मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, शिकलेल्या बाईला काय सांगू, मॅडम? तुमी हसला असता की.

मी हसले असते. हे खरं आहे.

आता परत चालू करा, म्हणाले. अजून बाकीच्यांचे वारस हाईत.

१५ डिसेंबर, रविवार

अमरेशला फोन केला. त्याने विचारलं, बंद केलं की काढून टाकलं? मी म्हटलं, काढून टाकलं. तो म्हणाला, अक्का, बंद करा म्हणून शिकवलं होतं ना मी? बंद केलेलं उघडता येतं. काढून टाकलेलं गेलं.

त्याच नावाने नवं खातं करते, म्हटलं. त्याने समजावलं, अगदी पहिल्या दिवसासारखं सावकाश. सर्व्हर नाव बघत नाही, नावामागे त्याचा स्वतःचा एक क्रमांक असतो. तेच नाव दिलंत तरी क्रमांक नवा पडतो. तुमच्या डोळ्यांना ते हुंबवाडी दिसेल. त्याच्या दृष्टीने ती कुणी तरी नवीच. बॅकअपच्या जुन्या प्रती शोधल्या, तर ज्यात हे खातं असायला हवं ती प्रत उघडत नाही. प्रती तपासायचा धडा पुढच्या आठवड्यात होता.

शेवटी म्हणाला, करून बघा. पण सचिव म्हणून कुणाचं तरी जिवंत नाव लागेल. आणि अक्का, आता मला फोन करू नका. माझे आईवडील आहेत घरी.

१६ डिसेंबर, सोमवार

नवं खातं केलं. सचिवाच्या रकान्यात माझं नाव घातलं. शिवलीला चनबसाप्पा. दुसऱ्या कुणाचं घालणार? चूक माझी आहे.

संध्याकाळी सात वाजता हुंबवाडी पडद्यावर आली. गणपतराव माझ्या मागे उभे होते. त्यांनी हात जोडले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ओळ आली होती, पण खाली नावं नव्हती. काटा उघडला नव्हता. पहिलं दूध सचिवाच्या घरचं.

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी पहिली नोंद आली. चनबसाप्पा. सहा लिटर. म्हशीचं.

सहा लिटर तो सकाळी घालायचा. थंडीत थोडं कमी भरायचं, तेव्हा तो म्हशीशीच भांडायचा, तुला काय कमी केलंय गं बाई म्हणून. नावासमोर वारसाच्या रकान्यात शांभवी. ते मी भरलेलं नाही. त्याच्या जुन्या खात्यात होतं, आणि ते खातं मी बंद केलेलं आहे.

त्याच्याखाली मग बाकीचे आले, एकेक. बाळासो. बाळासोंची बायको. आणखी. सगळ्यात शेवटी जोतीराम.

खाली ‘मान्य’ हे बटण. मी दाबलं नाही. तिथे दूध नाही. दूध नसताना सही कशी करायची? मी कॉम्प्युटर तसाच ठेवून निघून आले.

१८ डिसेंबर, बुधवार

पहाटे दार उघडं दिसलं. शांभवी खाली गेटपाशी उभी होती. अनवाणी. हातात आमची दुधाची स्टीलची किटली. मी दंड धरला, तेव्हा माझ्याकडे बघून अगदी सरळपणे म्हणाली, सोड की आई, बाबांचं दूध अडकलंय. ती कधी असं बोलत नाही. आम्ही तिला शहरी भाषेतच वाढवलं आहे.

आत आणून झोपवलं. उठल्यावर तिला काही आठवत नव्हतं. तळव्यांना लाल माती. बावड्यात काळी माती आहे.

कचेरीत गेले आणि ‘मान्य’ दाबलं. खोटी सही.

२१ डिसेंबर, शनिवार

दाबते. सकाळी आणि संध्याकाळी. आधी त्याचं दूध येतं, मग रांगेचं. घरून लॉगिन करायची परवानगी गणपतरावांनी काही न विचारता दिली. शांभवी रात्रभर शांत झोपते. बारावीचा अभ्यास करते. डबा आवडला नाही म्हणून कुरकुरते. जोतीरामच्या बायकोला त्याची नोंद येते हे सांगावं का? सांगितलं तर ती रोज विचारेल, फॅट किती लागली. नाही सांगितलं तर मी लपवते आहे.

सांगितलं नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

हे लिहायला हवं. सकाळी मी बटण दाबायच्या आधी थांबते. लवकर उठून, चहा घेऊन, पडद्यासमोर बसते. केस विंचरलेले असतात. त्याचं नाव येतं. सहा लिटर. कधी साडेपाच. एकदा सहापेक्षा थोडं जास्त आलं आणि मी मोठ्याने म्हटलं, अरे वा.

तो गेला तेव्हा मी रडले नाही. लोकांना वाटलं, खंबीर बाई. आताही रडू येत नाही. पण दिवसातून दोनदा त्याची खबर येते. हे मी शांभवीसाठी करते, की माझ्यासाठी? शांभवीसाठीच. हो, शांभवीसाठी. पण रविवारी मी वेळेच्या कितीतरी आधी बसले होते.

खोलीत धारोष्ण दुधाचा वास येतो. मळीच्या वासातूनही येतो.

२८ डिसेंबर, शनिवार

गणपतराव आले आणि उभ्यानेच बोलले. संचालकांनी ठरवलंय, नवीन वर्षापासून सगळं बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर. आपलं कपाट बंद. चालू केंद्रांची यादी कंपनीने सरकारी नोंदणीवरून घेतली आहे. हुंबवाडी तिच्यात नाही. घाला म्हणून त्यांनी सांगून पाहिलं. संचालकांनी विचारलं, गाव कुठे आहे? काय सांगणार?

मी म्हटलं, शांभवी आहे. ते म्हणाले, म्हाईत हाय मला. आणि माझ्याकडे न बघता गेले.

कंपनीच्या माणसाला फोन केला. सभ्य मुलगा. मॅडम, दूध नसलेलं केंद्र कशाला हवंय, असं त्याने विचारलं. अगदी माझाच प्रश्न.

३० डिसेंबर, सोमवार

वारस बदलायचा प्रयत्न केला. शांभवीचं नाव काढून माझं. पडदा सांगतो, सचिव वारस होऊ शकत नाही. सचिवपद सोडावं, तर दुसरं जिवंत नाव मागतो. कुणाचं? कुणाचंही नाव मनात आलं की त्याच्या घरात कोण कोण गेलं आहे, ते आठवतं. ज्याच्या घरात कुणी गेलेलं नाही असा माणूस मला माहीत नाही.

शांभवीला सोडायला कुरुंदवाडला गेले, माझ्या भावाकडे. संध्याकाळी परत आले तर ती इथे दारात बसलेली. एसटीने आले म्हणाली. का, ते सांगता येईना.

३१ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळची वेळ. शेवटची. त्याचं नाव आलं. मी दाबलं नाही, बराच वेळ. मग दाबलं. काय करणार होते?

कपाटाची घरघर बंद झाली. इतके दिवस कानात होती हे ती बंद झाल्यावर कळलं. गणपतरावांनी मला रिक्षात बसवून दिलं. आमच्या गेलेल्या आईचं पण नाव तिथं कधीतरी येईल वाटायचं मला, म्हणाले. आलं नाही.

१ जानेवारी, बुधवार. पहाट.

पासवर्ड चालत नाही. ‘असं खातं अस्तित्वात नाही.’ पुन्हा तेच. पुन्हा.

शांभवी उठली आहे. मोरीत किटली विसळते आहे. भांड्यावर पाणी पडल्याचा आवाज. मी दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली खिडकीतून खाली टाकली. दाराला पाठ लावून बसले आहे. वही गुडघ्यावर.

ती आली. समोर उभी आहे. रागावलेली नाही. वेणी घट्ट घातली आहे, तशी माझ्या सासूबाई घालायच्या. म्हणते, आई, उठ की. उशीर झाला तर दूध घेत न्हाईत.

मी म्हटलं, किटली रिकामी आहे, बाळ. ती म्हणाली, बघ तरी.

बघत नाही. लिहिते आहे. लिहीत राहिले तर—

ती खाली बसली. माझा हात धरला. हात गार असेल असं मला— नाही. गरम आहे. ओला. आत्ताच धार काढून आल्यासारखा. बाहेर जिन्यावर पावलं. बरीच. गडबड नाही, एकामागे एक. कुणीतरी किटली खाली ठेवली. पहिली. मला तो आवाज माहीत आहे, तो किटली ठेवतो तसा, आधी एक बाजू टेकवून मग—

शांभवी म्हणते, बाबा थांबलेत. तू उठत नसशील तर मी—

नाही. मी उठते. मी सांगितलं तिला, तू बस, मी घेते, माझ्या घरचं पहिलं आहे, मीच— ती हात सोडत नाही. सोडत ना